बोटीतल्या मावशी

आई गेल्यानंतर मी पुन्हा कामावर जाऊ लागले. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत कोणी बोलू नये म्हणून कानात इअरफोन घालून बसायचे. एका सकाळी एक अनोळखी मावशी शेजारी टेकल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी मायेनं विचारलं, "एकटीच का गो?" आणि मी आईबद्दल सगळं सांगत सुटले. दिघी येईपर्यंत मन हलकं झालं होतं.

"परक्या माणसाशी बोलायला संकोच नाही वाटत?" मी विचारलं.

"रोज वाटतो," त्या हसल्या. "पन अजून कोनी उठून गेला न्हाय."

संध्याकाळी परतीच्या बोटीत एक बाई एकटीच बसली होती. कानातले इअरफोन काढत मी विचारलं, "इथे बसू का?"

तिने पटकन पिशवी मांडीवर घेतली. "बसा ना. मीच बोलवणार होते, पण धीर होईना."