नाडा बांधलेलं झाड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच — का, ते पुढे कळेल.

माझा थोरला भाऊ, दादा, काही वर्षं महाबळेश्वरला एका बागेत कामाला होता. परत येताना ओल्या गोणपाटात स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला. सुप्याजवळच्या आमच्या माळावर, जिथे बाजरी धड येत नाही तिथे, स्ट्रॉबेरी — लोक हसणारच. दादाचं म्हणणं, थंडी सरली की फुलायचं थांबणारी जात आपल्या कामाची नाही. आपली आपण तयार करायची. एका जातीचा पराग तो कापसाच्या वातीने दुसऱ्या जातीच्या फुलाला लावायचा. मग पिकलेल्या फळाच्या अंगावरचं बी वेचून रॉकेलच्या कापलेल्या डब्यात पेरायचं. त्या रोपांतलं एक असं निघालं, की बाकीची थांबली तरी ते चैत्रात फुलत राहिलं. दादाने त्याला देवाचा नाडा बांधला.

एकच होतं हो ते.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. दादाला सासऱ्यांच्या दहाव्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाला, "ह्याला रोज तांब्याभर घाल. बाकीची गेली तरी चालत्यात."

पहिले दोन दिवस मी विसरलो. विसरलो म्हणजे — कंटाळलो. तिसऱ्या दिवशी घरात एकच कळशी उरली होती, आणि मला नगरला मुलगी बघायला जायचं होतं. झाडाने मान टाकलेली मला दिसली. दिसली होती, हे लिहून ठेवतो. मी ती कळशी उचलली आणि आंघोळ केली. साबण लावून. ते सांडपाणी तरी त्याच्या बुडाशी सोडावं — एवढंही सुचू नये?

दुसऱ्या दिवशी परतलो तर पानांचा हातात चुरा होत होता. आणि मग मी जे केलं, त्याचा धक्का मला अजून बसतो — इतकं सहज कसं जमलं? ते झाड उपटून उकिरड्यात पुरलं. रांजणाच्या पाझरावर जगलेलं दुसरं एक रोप ढेकळासकट काढून त्या जागी लावलं. नाडा त्याला बांधला. गाठसुद्धा दादा मारायचा तशीच मारली.

दादा आल्या आल्या झाडापाशी उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला.

"पानं जरा निराळी वाटत्यात रे."

"उन्हानं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, माझ्या पाठीवर हात ठेवला. "जगवलंस."

पावसाळ्यात त्या झाडाला लांब फुटवे सुटले. तेच मातीत रुजवून दादाने सगळा वाफा भरला. चैत्रात या बघायला, असं गावभर सांगून आला. माघ संपायच्या आत फुलं थांबली. फळं बोराएवढी. पारावर कुणी तरी म्हणालं, "फुडल्या साली बोरीच लावा की, पानी बी लागत न्हाई." दादाही हसला. घरी येऊन म्हणाला, "मला नजरच न्हाई रे." दुसऱ्या दिवशी त्याने वाफा नांगरून टाकला.

त्यानंतर बैल घ्यायचा असो की बियाणं, त्याचं एकच — "तू बघ." मी बघत आलो.

त्या दिवशी पाहिलेली मुलगी माझी बायको झाली. चार माणसं जमली की ती अजून सांगते, "सगळा जिल्हा धुळीनं माखलेला, आणि हे एकटे न्हाऊनमाखून आलेले. तिथंच मी हो म्हटलं." सगळे हसतात. मीही हसतो — दादासमोर हसतो.

गेल्या आठवड्यात दादा आला. पुतणीला स्थळ आलंय. मुलगा त्याच्या मनाला येत नव्हता. काय खटकतंय ते त्याला नीट सांगता येईना. शेवटी म्हणाला, "तूच सांग. मला कुठं कळतंय?"

मी "बघू" म्हणालो. रविवारी मुलाकडच्यांना निरोप द्यायचाय.

पानं निराळीच होती. दादाची नजर तेव्हाही बरोबर होती आणि झाड निवडलं तेव्हाही. हे त्याला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.