दत्तूचा डावा कान

लग्नपत्रिका फ्रिजवर कशा साठतात? एक ठेवली, दुसरी ठेवली, आणि एक दिवस दार जरा जोरात उघडलं की सगळी चळत पायावर! आमच्या महोत्सवाच्या किश्शांचं तसंच झालंय. जातो गाणं ऐकायला आणि घरी घेऊन येतो खुर्च्या, पार्किंग आणि माईकच्या गोष्टी. गेल्या साली कुठला राग ऐकला म्हणून विचाराल तर आठवावं लागेल, पण संडासच्या रांगेत माझ्या पुढं कोण घुसली ते मी साडीच्या रंगासकट सांगते!

थंडी सरत आली की बेळगावात, खानापूर रोडकडच्या एका माळावर शनिवार-रविवार हा संगीत महोत्सव भरतो. शनिवारी संध्याकाळी गिटार-ड्रमवाली पोरं, रविवारी सकाळी शास्त्रीय. आमचा कंपू चौघांचा. मी कोर्टासमोर टायपिंग करते, मला सगळे आक्का म्हणतात. बसू रिक्षा चालवतो. त्याच्या घरी कन्नड, पण गाण्याला भाषा लागत नाही म्हणतो. आप्पा म्हणजे निपाणीचे रिटायर्ड पी.टी.चे मास्तर. सकाळच्या पहिल्या एसटीनं येतात. आणि चौथा दत्तू, माझा धाकटा भाऊ.

दत्तूचं जरा नीट सांगते. बेळगावाजवळच्या मच्छे गावात एका फौंड्रीत तो वीस वर्षं ग्रायंडरवर कास्टिंग घासतोय. उजवा कान केव्हाच गेला. डावा चालू होता, पण कानाच्या डॉक्टरनी तपासून सांगितलं की हाही फार दिवस टिकायचा नाही. मशीन लावता येईल, बोलणं कळेल, पण गाणं म्हणाल तर पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं लागेल.

जिना उतरताना दत्तू एवढंच म्हणाला, "मग बाईंची भैरवी तेवढी समोर बसून ऐकाय पायजे."

बाई म्हणजे पुण्याच्या गाणाऱ्या बाई. दहावीत असल्यापासून दत्तू त्यांची भैरवी आधी कॅसेटवर आणि मग मोबाईलवर ऐकत आलाय. समोर बसून एकदाही नाही. आणि नेमक्या त्याच वर्षापासून बाई आमच्या महोत्सवाला यायला लागल्या, रविवारच्या शेवटच्या मानाच्या कलाकार म्हणून. मला वाटलं, झालं काम! कसलं काय!

* * *

पहिल्या वर्षी दत्तूची रविवारी सकाळची शिफ्ट. बदली माणूस येतो म्हणाला आणि आलाच नाही. मला काही सुचेना. बाई बसल्या तसा मी दत्तूला फोन लावला, म्हटलं, "कॅन्टीनच्या मागं जाऊन उभा रहा, आणि डावा कान लाव." आणि फोन धरलेला हात वर केला.

पस्तीस मिनिटं! खांदा मोडायला आला. या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. मागचा माणूस "ताई, हात खाली घ्या की" म्हणून तीनदा ओरडला, मी ढिम्म हलले नाही. भैरवी संपली, टाळ्या झाल्या, आणि मी घाईघाईनं फोन कानाला लावला.

"दत्तू, ऐकलास काय रं?"

"ऐकलो की आक्का. तुझ्या शेजारच्या बाईची धाकटी सून लई आगाऊ हाय!"

मी शेजारी बघितलं. बाई पदरानं तोंड पुसत होती.

"अरे, भैरवी?"

"मधी मधी येत होती. पण सुनेचं सगळं समजलं."

* * *

दुसऱ्या वर्षी दत्तूनं दोन महिने आधीच रजा टाकली. घरात टीव्हीचा आवाज तोवर इतका वाढला होता की शेजारचे लोक आपला टीव्ही बंद ठेवून आमचाच ऐकायचे. मला धीर म्हणून धरवत नव्हता. आदल्या दिवशीच आप्पांना फोन करून सांगितलं, पहिल्या एसटीनं या आणि पुढच्या रांगेत चार खुर्च्या धरा.

सकाळी आप्पांचा फोन. "पोचलो. पुढची रांग. चार खुर्च्या धरल्यात. पळत या!"

पळत गेलो. पुढच्या रांगेत आप्पा नाहीत. दुसऱ्या नाहीत, तिसऱ्या नाहीत. मी फोन लावला तर आप्पाच माझ्यावर तापले. "आगं हितंच हाय की मी! सनई सुरू झाली, तुमचा पत्त्या न्हाय!"

कार्यक्रमपत्रिकेत सनई कुठंच नव्हती. बसूनं फोन घेतला. "आप्पा, स्टेजवर काय दिसतंय?"

"दोन खुर्च्या. मोठ्या. लाल मखमलीच्या."

"आणि?"

"एक पोरगी बसलीया." मग आप्पांचा आवाज उतरला. "हिरवा चुडा घातलाय."

आप्पा भलत्याच माळावर उतरून लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसले होते! वर सनईवाल्याला "सूर उतरलाय तुझा" म्हणून दम देऊन झालेला. दत्तू मोटरसायकल काढून त्यांना आणायला गेला. अर्ध्या तासात येतो म्हणाला. पण तिकडं नवरीच्या मामानं दोघांनाही धरून ठेवलं. दत्तू "गाणं हाय, गाणं हाय" म्हणतोय, मामा "हितं बी हाय की" म्हणतोय, आणि जेवल्याशिवाय कुणाला सोडत नाही. दोघं परत आले तेव्हा स्टेजवर तानपुऱ्यांना गवसण्या घालायचं काम चाललं होतं.

मला रडूच फुटलं. रागानं! दत्तू रिकाम्या स्टेजकडं बघत उभा राहिला. कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून आप्पा म्हणाले, "जेवण मात्र झकास होतं."

त्यानंतर चार महिने दत्तू आप्पांशी बोलला नाही.

* * *

यंदा मी ठरवलं की दत्तूला शनिवारपासूनच माळावर नेऊन ठेवायचं, म्हणजे चुकायला जागाच नको. आता त्याच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला जाऊन, तोंड समोर धरून बोलावं लागत होतं. भैरवी यंदा हुकली तर पुढल्या साली नेऊन उपयोग काय, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं.

शनिवारी एक बँड आला. बाप रे! ढोल-ताशा बरा. स्पीकर छातीवर बुक्क्या मारत होते. आप्पांनी मफलर गुंडाळला, बसूनं कानात बोटं घातली, मी बटाट्याच्या वेफर्सची पिशवी कानाशी धरली. दत्तू तेवढा आरामात मांडी घालून बसलेला.

तेवढ्यात गाणारा पोरगा पुढं आला आणि ओरडला, "बेळगाव! मेक सम नॉईज!"

दत्तूनं मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय? मी त्याच्या कानात सांगितलं, "आवाज करा म्हणतोय!"

दत्तू वैतागला. "रोज आठ तास करतोय की! हितं तरी सोड म्हणावं!"

* * *

रविवार. बाईंची वेळ अकराची. दत्तूला रजा मिळाली नव्हती, तीनची शिफ्ट होती, पण अकरा आणि तीन यांत चिक्कार वेळ. असं आम्हाला वाटत होतं.

आणि सत्कार सुरू झाले!

आमच्याकडं सत्कार म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. फेटा, शाल, हार, नारळ. प्रत्येकाचा परिचय आधी कन्नडात, मग मराठीत, आणि एखादा पाहुणा बंगळूरचा असला तर इंग्रजीत. साडेअकरा झाले. बारा झाले. दत्तू दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतोय आणि मी दत्तूकडं बघतेय. माझे पाय खुर्चीखाली नुसते नाचत होते.

साडेबाराला निवेदकानं एका थोर समाजसेवकाचं नाव पुकारलं. कोणी उठेना. परत पुकारलं, कन्नडात, मराठीत. "कृपया मंचावर यावं, आम्ही थांबलो आहोत." फेटेवाला हातात फेटा घेऊन उभा, हारवाला हार घेऊन उभा. समाजसेवकांची गाडी म्हणे रेल्वे गेटात अडकली होती.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बघते तर आप्पा निघाले! पी.टी.ची चाल, छाती पुढं. सरळ स्टेजवर चढले, डोकं पुढं करून फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला तोंड दिलं, चार दिशांना नमस्कार केला आणि खाली आले. टाळ्या!

"आप्पा, हे काय?"

"एक संपला का न्हाय?" आप्पांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "त्यो येऊस्तोवर कोण थांबणार!"

दत्तू पोट धरून हसला. आप्पांवरचा त्याचा उरलासुरला राग तिथंच संपला.

* * *

एक वाजून गेला तेव्हा कुठं बाई बसल्या. वेळ नाही म्हणून मोठा ख्याल सोडून थेट भैरवीच घेते म्हणाल्या. तानपुरे लागले. दत्तूनं डावा कान पुढं केला. बाईंनी पहिला सूर लावला, आणि करंट गेला!

माईक बंद, स्पीकर बंद. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर कुणाला काही ऐकू येईना. बाई थांबल्या. मांडीवर हात ठेवून बसल्या. मागं कुणीतरी जनरेटर सुरू केला तर तो ट्रॅक्टरसारखा धडधडायला लागला, बाईंनी हात वर केला तसा तोही बंद केला. दीड वाजत आलेला. दोनला निघाल्याशिवाय दत्तू तीनला मशिनीवर उभा राहत नाही.

मागच्या लोकांना दम निघेना. माईक नसला तरी चालेल, बाईंनी गावं, म्हणून मागून हाक आली, "हाडु!" मग चारजण, मग चाळीस, मग सगळा माळ, "हाडु! हाडु! हाडु!" मीसुद्धा खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. कन्नडात हाडु म्हणजे गा. इथं मराठी माणसाच्याही तोंडात तो शब्द इतका बसलाय की आपण कुठल्या भाषेत ओरडतोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण बाई पुण्याच्या. त्यांना काय ऐकू गेलं असेल? पाचशे माणसं एका सुरात त्यांना "हाड! हाड!" करतायत!

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तानपुरेवाल्या मुलींना खूण केली आणि उठल्या. आयोजकांना म्हणाल्या, "चाळीस वर्षं गातेय, मला असं कुणी हाकललं नव्हतं." आणि पायऱ्या उतरायला लागल्या. लोकांना वाटलं, बाई दमल्या, म्हणून लोक आणखी जोरात, "हाडु! हाडु!"

दत्तूला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की बाई चालल्यात. त्यानं माझा दंड असा धरला की वळ उठला.

पहिल्यांदा बसूची ट्यूब पेटली. खुर्च्या पाडत तो पायऱ्यांपाशी पोचला आणि हात जोडून बाईंच्या पुढं उभा राहिला. "बाई! हाड न्हवं, हाडु! कन्नडात गा म्हणत्यात! शेवटी उकार हाय बाई, उकार!"

बाई पायरीवर थांबल्या. कान देऊन ऐकलं. आणि अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"मग उकार जरा स्पष्ट म्हणा की!" त्या म्हणाल्या. मग माळाकडं बघून म्हणाल्या, "पण माईकशिवाय शेवटपर्यंत कसं ऐकू जाणार?"

आता माझा धीर सुटला. मी दत्तूला ओढत त्यांच्यापुढं नेलं. "शेवटपर्यंत जाऊ दे न्हाय तर न जाऊ दे. इथपर्यंत आलं पायजे." आणि त्याच्या डाव्या कानावर बोट ठेवलं. कान, फौंड्री, डॉक्टर, तीन वर्षं, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

बाई परत वर गेल्या नाहीत. स्टेजच्या कडेलाच बसल्या आणि दत्तूला खुर्ची जवळ घ्यायला लावली, हातभर अंतरावर. मागचे लोक उठून पुढं आले आणि मातीत बसले. बाईंनी भैरवी म्हटली. पुरी, कुठंही घाई न करता. दत्तू डोळे मिटून, डावा कान बाईंकडं करून बसला होता. गुडघ्यावर त्याचं बोट समेवर बरोबर पडत होतं.

भैरवी संपल्यावर तो उठला. बाईंच्या पाया पडला आणि तडक पार्किंगकडं चालायला लागला. मी मागून पळाले. त्यानं मोटरसायकल काढली, हेल्मेट अडकवलं हँडलला, डोक्याला घातलं नाही.

"दत्तू, ऐकू आलं काय रं?"

तो स्टँड काढत होता. मी डाव्या अंगाला गेले आणि मोठ्यानं विचारलं, "ऐकू आलं काय?"

तो आपला किल्लीच फिरवत होता. मग मी गळा काढून ओरडले. पार्किंगमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

दत्तूनं घाबरून डाव्या कानावर तळहात ठेवला.

"आक्का, वरडू नको गं," तो हळू म्हणाला. "आत गाणं हाय. सांडंल."