बाळारामकाका दिल्लीत मागे राहिले

नमस्कार. मी इथे नेहमी वाचते, लिहीत कधीच नाही. आणि खरं सांगायचं तर वाचताना बऱ्याचदा मनातल्या मनात हसायचे. पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. स्लाइडवर जे दिसतं तेवढंच लिहायचं, ही हाताला लागलेली सवय. नवरात्रात आमच्या आत्येसासूबाईंच्या अंगात यायचं, तेव्हा मी त्यांना बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या म्हणाले होते. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नव्हतं! तर अशी मी.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतलं. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

माझे सासरे — आपण त्यांना हिराजी म्हणू, मी बाबा म्हणते — मूळचे उरण तालुक्यातले, चिरनेरच्या बाजूच्या एका लहान गावातले. आता आमच्याकडे नवीन पनवेलला असतात. त्यांचे जिवलग मित्र बाळारामकाका, ते मात्र शेवटपर्यंत गावातच राहिले. दोघं पोरवयात एकाच मिठागरात कामाला होते, पुढे एकाच दिवशी बंदरात नोकरीला लागले, रिटायरही एकाच वर्षी झाले. या दोघांनी आयुष्यभर एकच बेत केला — दिल्ली बघायची. शाळेच्या पुस्तकात कुतुबमिनारचं चित्र होतं म्हणे, तेव्हापासून. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. लग्नं, बाळंतपणं, आजारपणं...

शेवटी माझ्या नवऱ्याने, संदेशने, विमानाची तिकिटंच काढून टाकली. आम्ही दोघं, बाबा आणि बाळारामकाका. आणि निघायच्या बारा दिवस आधी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पण डोकं अगदी लख्ख. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आम्ही भेटायला गेलो. बाबा खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मी नाय जात. तू बरा हो, मंग जाऊ दोगंव."

काका हसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं त्यामुळे ते हसणं बघवत नव्हतं.

"जा र हिऱ्या. आता नाय गेलास तं कवाच नाय. मी येतंय ना तुज्याबरोबर."

आम्हाला वाटलं, समजूत काढतायत.

पहिल्या दिवशी कुतुबमिनार. हवा छान होती, गर्दी बेताची. बाबा मिनाराकडे मान वर करून कितीतरी वेळ उभे राहिले. मग मी बघितलं, ते हळू आवाजात बोलतायत. बाजूला कोणीच नाही. "बग, अक्षरां कोरलीत... कवरी मेनत केली आसंल." मला वाईट वाटलं. साठ वर्षांची सवय, एकट्याने बघायची वेळ आली, माणूस बोलणारच. बाकावर बसले तेसुद्धा एका कडेला, शेजारी एकाची जागा सोडून. संदेश तिथे बसायला गेला तर म्हणाले, "तू पलीकडं बस."

तिथेच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सेफ्टी पिन लावून कशीबशी टॅक्सीपर्यंत आले. एवढी क्षुल्लक गोष्ट की मी कोणाला सांगितलीही नाही.

संध्याकाळी हॉटेलवरून काकांच्या मुलीला फोन केला. रंजना तिचं नाव. नवरा गेल्यापासून ती माहेरीच असते, काकांचं सगळं तीच करायची.

"वहिनी, बाबा आज जाम खुशीत आहेत," ती म्हणाली. "दुपारभर डोळे मिटून पडले होते आणि सांगत होते, लोखंडाचा खांब आहे, त्याला कुंपण घातलंय... मिनारावरून पोपटांचा थवा गेला... आणि अहो, तुमची चप्पल तुटली का? म्हणाले, सूनबाय पाय वढत चाललेय."

मी संदेशकडे बघितलं. तूच व्हॉट्सअॅप केलंस ना? त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. दिवसभरात त्याने रंजनाला एकही मेसेज केला नव्हता. बाबांकडे साधा बटणांचा फोन, तोही बॅगेत, बंद.

मी काय केलं असेल? काहीही नाही. खांबाचं कुंपण काय, टीव्हीवर दिसतं. चप्पल — योगायोग. झोपून गेले.

दुसरा दिवस. संध्याकाळचं परतीचं विमान, त्याआधी हुमायूनचा मकबरा बघून घ्यायचा. ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत असेल... मधोमध ती मोठी इमारत, आणि ती उभी आहे एका प्रचंड उंच जोत्यावर. त्या जोत्याला चारी बाजूंनी कमानीच कमानी. प्रत्येक कमानीच्या आत एकेक खोली, आणि खोल्यांमधून कबरी. मुख्य घुमटाखाली बादशहा, पण खाली या खोल्यांत कोण कोण आहेत, बऱ्याच जणांची नावंसुद्धा आज कोणाला माहीत नाहीत.

वर जायचा जिना फार उभा. बाबा वर जाऊन आले, खाली उतरताना मात्र दमले. उतरल्यावर ते उजवीकडे वळले आणि एका कमानीशी थांबले. आतली खोली अर्धवट अंधारी, चुन्याचा पांढरा गिलावा, आणि जमिनीवर तीन कबरी. बाबा आत वाकून म्हणाले, "बस हतं जरा. गारवा हाय. पाय दुखलं आसतील."

मी घड्याळ बघत होते. साडेतीन वाजून गेले होते. दिल्लीच्या ट्रॅफिकची मला धास्ती, त्यात संदेश टॅक्सी बोलवायला पुढे गेलेला. मी म्हटलं, "बाबा, चला, उशीर होतोय."

"थांब जरा. बालाराम आत हाय."

आणि मला राग आला. खोटं कशाला बोलू... दोन दिवसांचा शीण, ती चप्पल, रात्री मनात दाबून ठेवलेली भीती, सगळं एकदम वर आलं. मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "काका गावाला खाटेवर पडलेत बाबा. इथे कोणी नाहीये. पुरे आता हे." आणि त्यांचा हात धरून ओढलं. अक्षरशः ओढलं.  बाबा गेटपर्यंत तीन-चार वेळा मागे वळून बघत राहिले, बस.

घरी पोचून झोपलो. सकाळी सातला रंजनाचा फोन.

"वहिनी, बाबा काल दुपारपासून कोणाला ओळखतच नाहीयेत. मला पण नाही."

"कधीपासून म्हणजे? साधारण किती वाजता?"

"मी चहा घेऊन गेले तेव्हा. चारला कमी असतील काही मिनिटं."

दुसरा झटका असणार, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. पुन्हा स्कॅन करायला लावलं. रिपोर्ट मी स्वतः डॉक्टरांसमोर बसून समजून घेतला. जुनं होतं तेवढंच. नवीन काहीही नाही. बीपी, शुगर, सोडियम, सगळं जागेवर. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं कधी कधी.

मी आणि बाबा गावाला गेलो. काका छताकडे बघत पडले होते. बाबांनी हाक मारली तर मान वळवली नाही. मी खाटेजवळ बसले आणि विचारलं, "काका, कुठे आहात तुम्ही?" का विचारलं, देव जाणे.

 छताकडे बघतच ते म्हणाले, "खोली हाय. चुना लावलेली. भाएर गवत हाय, लय हिरवा."

"अजून काय दिसतं?"

"दगडाची तीन खाटलीं हायेत."  "गेली सगली. मना हतंच ठेवला." आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी शांतपणे, "हिऱ्या थांबला व्हता. तू वढलास त्याला."

मी उठून अंगणात आले.  त्या कमानीशी काय झालं ते मी संदेशलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि बाबांनी कोणाला सांगितलं असेल असं म्हणाल, तर दिल्लीहून आल्यापासून ते जवळजवळ गप्पच होते.

परतताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "मना परत न्हेशील? तो तितं एकटा हाय."

संदेश म्हणाला वेडेपणा आहे. मला तो वेडेपणा वाटत होता की नव्हता, मी सांगू शकत नाही... पण हात मी ओढला होता. महिन्याभरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा, सकाळच्या विमानाने गेलो, संध्याकाळच्या विमानाने यायचं ठरवून.

दुपारी दीडच्या सुमारास आम्ही त्याच कमानीसमोर उभे होतो. शाळेची सहल आली होती, पोरं हिरवळीवर डबे खात होती. बाबांनी चपला काढल्या. आत गेले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले आणि गावात एका घरातून दुसऱ्या घरात मारतात तशी हाक मारली. "बालाराम! चल, घरी जाऊ!"

पोरं वळून बघायला लागली. तिथला वॉचमन आला. म्हातारासाच होता. "किसको बुला रहे हो बाबूजी?"

बाबांनी मोडक्या हिंदीत सांगितलं, "दोस्त को. पिछली बार इधर ही रह गया."

मला वाटलं हा आता हसेल, नाहीतर हाकलून देईल. त्याने खोलीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "बुला लीजिए." आणि पोरांना घेऊन तो लांब गेला.

बाबांनी अजून दोनदा हाक मारली. मग उजवा हात थोडा मागे धरून, कोणाला तरी धरून आणल्यासारखे, गेटकडे चालू लागले. या वेळी एकदाही वळले नाहीत. मी मागून त्यांच्या चपला घेऊन चालत होते आणि रडत होते. का ते मलाही कळत नव्हतं.

टॅक्सीत बसल्यावर रंजनाला फोन लावला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "वहिनी, आत्ता अर्ध्या तासापूर्वी बाबा उठून बसले! एकटे! एवढे दिवस कूससुद्धा बदलता येत नव्हती."

"काही बोलले?"

 तिने काकांच्याच शब्दांत सांगितलं. "हिऱ्यानं हाक मारली. आयकली मी. पन हाक आयकून खाटल्यांवरची सगलीच उठली. दार येवरंसा हाय, मी आजून हतंच हाय... मानसां चांगली हायेत, पन घरची वाट कोनालाच ठावं नाय."

त्यानंतर काका एक शब्दही बोलले नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी गेले. चेहऱ्यावर त्रास नव्हता असं सगळे म्हणाले. मला तरी तो चेहरा रिकामा वाटला.

यावर मी खूप डोकं चालवलंय. मेंदूच्या आजारात माणसाला भास होतात, हे मला मान्य आहे. टीव्हीवर त्यांनी मकबरा कधीतरी बघितलाही असेल. पण तीन कबरींची तीच खोली? ती वेळ? आणि मी हात ओढला हे? माझ्या ओळखीच्या एका न्यूरॉलॉजिस्टना मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, मी याच्यावर काही बोलत नाही." मला त्यांचा तो प्रामाणिकपणा आवडला, पण झोप काही आली नाही.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. तब्येत ठीक. दिल्लीचा विषय घरात कोणी काढत नाही. फक्त एकदा, काकांचं तेरावं झाल्यावर, जेवणं उरकली होती, मी ताटं आवरत होते. तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं होतं, "पोरी, तू शिकलेली हायस. सांग मना... तो तं तितंच हाय. मंग चितेवर आपुन जाललं कोनाला?"

मी ताटं उचलून आत गेले.  तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल, तर मला ते ऐकायचंय की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही.