चिक्कडपल्लीचे कोल्हे

आमच्या घरात इंग्लंडचे कोल्हे शिरले ते थोरल्या जावेमुळं. तिला मी अक्का म्हणते. ती पुण्याची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मी इथल्याच गौलीगुड्याची. शाळा मराठी, गल्लीत दखनी उर्दू, बाजारात तेलुगू आणि इंग्रजीच्या नावानं बोंब. जावा-जावा उभा दावा म्हणतात, तो आमच्यातही रंगलाच असता, पण दुपारच्या गोष्टींनी वाचवलं.

चिक्कडपल्लीच्या घरी जेवणं आटोपली की सासूबाई चिंचांचा ढीग पुढ्यात ओतायच्या. सार असो, डाळ असो, आमच्याकडं चिंचेवाचून पान हलत नाही. वर्षाची चिंच फोडून, चिंचोके काढून ठेवायची म्हणजे उन्हाळाभर हात चिकट. अक्काला त्याचा भारी वैताग. एक दिवस ती म्हणाली, "आत्याबाई, चिंचा धाकटी फोडेल. मी गोष्ट सांगते." घ्या! म्हणजे राबायचं मी. पण गोष्टीचा मोह मलाही होताच, म्हणून ढीग पुढ्यात ओढला.

अबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथून तिनं रहस्यकथा आणली होती. डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडानं मराठी सांगायची, मध्ये कुठं अडखळायची नाही. पुढं तिनं त्याच जातीची पुस्तकं हुडकून हुडकून आणली. इंग्लंडातलं गाव, धुकं, गुडघाभर चिखल. सकाळी बडी मंडळी लाल कोट घालून घोड्यावर बसणार, तुतारी वाजणार, कुत्र्यांचा तांडा सुटणार आणि एका कोल्ह्यामागं सगळं गाव पळणार. मग कुठल्यातरी झुडपाआड माणूस मरून पडलेला सापडायचा. बहुतेक वेळा त्या शिकारी मंडळींचा म्होरक्याच. सासूबाई त्याला पाटील म्हणायच्या.

"पाटलाला जावयानं मारलं," त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. "सासऱ्याच्या घोड्यावर बसून हिंडतोय मेला. दुसरं कोण मारणार?" आणि अय्यो, निम्म्या वेळा जावईच निघायचा!

आम्हाला त्यात एवढी गोडी कसली होती, असं आता कुणी विचारतं. आम्ही तिघींनी घोडा पाहिलेला तो वरातीतला. पण भाऊबंदकी तर ओळखीची होती ना! कोण कुणाशी हसून बोललं, कुणाच्या बुटाला कुठला चिखल, तुतारी वाजली तेव्हा कोण जागेवर नव्हतं, असल्या चौकशा आम्ही प्रत्येक लग्नात करतच होतो. फक्त तिथं कुणाचा खून पडत नसे. नियम एकच होता: शेवटचं पान आधी उघडायचं नाही. मी एकदा नुसता हात लावला तर अक्कानं चिंचोका फेकून मारला होता.

पण पहिल्याच पुस्तकात भांडण झालं. सासूबाई परभणीकडच्या, शेतातल्या काकड्या खाणाऱ्या कोल्ह्यांना शिव्या देत मोठ्या झालेल्या. अक्कानं सांगितलं की तिथं एक गडी ठेवलेला असतो. रात्री कोल्हा पोट भरायला बाहेर पडला की हा जाऊन त्याची सगळी बिळं बुजवतो, म्हणजे सकाळी कुत्री मागं लागल्यावर त्याला घरात शिरता येऊ नये.

सासूबाईंचा हात थांबला. "बाहेर गेलेल्याचं दार बुजवतात? मुडदा बशिवला त्यांचा!"

पुढं त्या पुस्तकात कोल्हा मेला. सासूबाई तडक उठल्या. "असली गोष्ट नक्को मला. उद्यापासून दोघी चिंचा फोडा." झालं! पाटलाला कुणी मारलं ते राहिलंच, आणि आम्ही दोघी तोंड पाडून चिंचा फोडत बसलो.

अक्का हार मानणारी नव्हती. नवं पुस्तक घेऊन आली. त्याच्यावर रिकाम्या खोगिराचा पांढरा घोडा होता. "आत्याबाई, यात तसं नाही हो. ऐकून तर बघा," असं म्हणत तिनं त्यांना बसवलं. त्या पुस्तकात धुक्यामुळं गड्याचं एक बीळ बुजवायचं राहिलं, आणि अगदी शेवटी कोल्हा सुळकन त्यात शिरला. सासूबाईंनी चिकट हातांनीच टाळी वाजवली. त्यानंतर प्रत्येक पुस्तकात एक बीळ राहायचंच. मला वाटायचं, या कादंबऱ्यांची रीतच असेल. सत्यनारायणाच्या कथेत बुडालेली नाव वर येतेच की नाही, तसं. शेवटी शेवटी सासूबाईंना खुनी कोण याचंही काही वाटेनासं झालं. पुस्तक मिटलं की एवढंच विचारायच्या, "कोल्हा सुटला का?"

सासूबाई गेल्या. अक्का मुलाकडं दिलसुखनगरला राहायला गेली. मी नातीचा अभ्यास घेता घेता इंग्रजी वाचायला शिकले, तेव्हा अक्कानंच पाठ थोपटली होती. आणि आता तीच मला ओळखत नाही. मेट्रोनं, गाडी बदलून, धापा टाकत तिच्याकडं जावं तर ही हात जोडून विचारते, "आपण कुणाकडं आलात?" मला 'आपण'! जिनं मला चिंचोका फेकून मारला, तिनं मला 'आपण' म्हणावं! पुतण्या म्हणतो, "काकू, मनाला लावून घेऊ नका." का घेऊ नको? फोटो दाखवून झाले, तिच्या आवडीची भरली वांगी नेऊन झाली. मला दुसरं काही नको होतं. तिच्या तोंडून एकदा 'धाकटे' ऐकायचं होतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी अबिड्सला तो पांढरा घोडा दिसला. तेच पुस्तक! मी भावसुद्धा केला नाही.

रोज दुपारी जाऊन तिला वाचून दाखवायला लागले. तिच्यासारखंच, डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडानं मराठी. माझी गाडी अडखळत चालायची, पण ती खिडकीकडं तोंड करून बसायची. खाली कोचिंगच्या पोरांचा कलकलाट. ऐकते की नाही, कळत नव्हतं. नियम मी पाळला, पुढचं पान चोरून पाहिलं नाही.

काल शेवट आला. गड्यानं बिळं बुजवली. कोल्हा दमून घराशी पोचला तर दार बंद. दुसऱ्या बिळाशी गेला, तेही बंद. कुत्री जवळ आली. मी राहिलेल्या बिळाची ओळ शोधत होते. पान उलटलं, परत मागं आले. नव्हती. छापलेलीच नव्हती हो! कुत्र्यांनी त्याला गाठलं आणि तुतारी वाजली.

म्हणजे आमच्या घरात इतके कोल्हे सुटले, ते अक्कानं सोडवले होते. तरी जे लिहिलं होतं ते वाचलं. "कोल्हा मेला."

"धाकटे!"

मी दचकून वर पाहिलं. अक्का वळून बसली होती, कपाळाला आठ्या. "लक्ष कुठंय तुझं? एक बीळ राहिलं होतं ना गं. नीट वाच."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं पुसलं, छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि नीट वाचलं. धुकं फार होतं, गड्याचं एक बीळ बुजवायचं राहिलं होतं, कोल्हा आत गेला.

"हं," अक्का म्हणाली. "आता आत जा आणि आत्याबाईंना सांग, सुटला म्हणून. नाहीतर उद्या मलाही चिंचा फोडायला बसवतील."