ठसका आणि चाळणी

पलासिया मोहल्ल्यातल्या आमच्या रेडिओवाल्या काकांकडे अख्खी गल्ली रेडिओची खरखर घालवायला जायची, आणि मी एकटी खरखर मागायला. काकांना त्याचा केवढा आनंद! "आयुष्यभर साफसफाईच केली, बेटा," ते म्हणायचे, "आता पहिल्यांदा कोणी कचरा मागतंय. बैठ, तुला एक नंबर कचरा देतो!"

मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचे. त्याचा आवाज इतका गुळगुळीत, की आमचे मास्टरजी सगळ्यांदेखत त्याला पुंगी म्हणायचे. दसऱ्याच्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून माझ्याकडे होती. ती जमली नाही, तर माझ्या जागी महूचा अकॉर्डियनवाला येणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मग काकांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या रेडिओंचे भाग जोडून मला सिंथेसायझरला जोडायचं एक यंत्र करून दिलं. वर दोन बटणं. डिस्टॉर्शनचं बटण म्हणजे 'ठसका', फिल्टरचं 'चाळणी'. नावं काकांचीच. "साफ आवाज म्हणजे बिनाफोडणीचं वरण," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "पण फोडणी जळाली तर खेळ खतम, समझी का?" ठसका फिरवला की माझी पुंगी गुरगुरायची. चाळणी हळूहळू उघडली की तोंड मिटून गुणगुणणाऱ्या माणसाने सावकाश 'आ' करावा, तसा तोच सूर मोठा होत यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकानातच नाचले, आणि काका टेबल बडवत "वाह भिया, वाह!" ओरडत होते.

महिनाभर खपून मी दोन्ही बटणांच्या नेमक्या जागा शोधल्या, आणि विसरायला नको म्हणून तिथे ओल्या कुंकवाचे ठिपके दिले. काकांनी तोंड वाकडं केलं. "ठिपके कायको? आवाज कानाने लावायचा की डोळ्यांनी?" मी कसली ऐकते!

खंडेनवमीला आईने पणजोबांच्या तलवारीशेजारी माझा डबाही पूजेला मांडला. आधी ओल्या फडक्याने लख्ख पुसला, मग मोठ्या भक्तिभावाने दोन्ही बटणांभोवती हळदकुंकवाची बोटं ओढली. माझे ठिपके गेले, उरले ते फक्त देवाचे! कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी. मी डबा आणि सिंथेसायझर उचलून रडत दुकानात धावले.

काका आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "आईने बरोबर केलं. खुणा गेल्या तर जाऊ दे. कान तर घरी नाही ना विसरलीस? डोळे मिट आणि फिरव."

मी फिरवत राहिले. कधी नुसती घरघर, कधी परत पुंगी. आणि एकदम तो सूर आला! ठिपक्यांवरच्या सुरापेक्षा भारदस्त, तापलेला. "सापडला!" मीच किंचाळले. डोळे उघडले तर काका चष्मा पुसत होते.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी पहिला सूर धरला, चाळणी उघडली, आणि मांडवातली कुजबुज थांबली. मास्टरजी वळून बघतच राहिले. टाळ्या सुरू व्हायच्या आत पहिल्या रांगेतून काकांचा आवाज आला, "लागली फोडणी!" माझी जागा राहिली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. डबा अजून वाजतो, आणि खंडेनवमीला मी तो स्वतः ओल्या फडक्याने पुसते. माझ्याकडे शिकणारी मुलं विचारतात, "मॅडम, ठसका कितीवर ठेवू?" मी त्यांना डोळे मिटायला सांगते. तेव्हा काकांची इतकी आठवण येते, की मीही माझे मिटून घेते.