पांगाऱ्याचे आप्पा

आमच्या कोसाडच्या वसाहतीत आप्पा झाडाकडे पाहायचे ते फुलांसाठी नाही, फांदीच्या जाडीसाठी. मनगटाएवढी फांदी दिसली की त्यांचा हात पिशवीतल्या कोयत्याकडे जाई.

कतारगामला कापडाच्या लूमवर बारा तास उभं राहणारा हा माणूस. खानदेशातून परतताना बाकीचे पापड, तिखट आणत. आप्पा ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या आणत. म्हणत, “बी लावलं तं लेकरू वाढवा. जुन्या झाडाची फांदी शहानपन घेऊनच येते.” शहाण्या फांद्या बहुधा वाळत. अंजनाच्या तर झाडून साऱ्या वाळल्या. मी हसलो, तर शांतपणे म्हणाले, “इचार करी राहिनी ती.”

विचार न करता फुटला तो एकटा पांगारा. आप्पांच्या बायकोच्या माहेरच्या बांधावरची फांदी, तिनंच मांडीवर धरून आणलेली. झाड दाराशी वाढलं. ती मात्र काविळीनं गेली. नंतर आप्पा जेवायला त्या झाडाखालीच बसत.

वसाहतीत वृक्षारोपण ठरलं. पाहुणे मोठे होते, मंडप त्याहून मोठा. वसाहतीचे गुजराती सेक्रेटरी आप्पांकडे आले. “आप्पा, आ झाड मंडपमां नडे छे.” झाडं लावण्यासाठी झाड तोडायचं, यात कुणालाच काही खटकलं नाही. मीही खुर्च्या मांडत होतो.

आप्पा भांडतील असं वाटलं होतं. ते करवतवाल्यापाशी गेले. सूचना पक्क्या होत्या. “भैया, नीचे से तिरछा काटो, ऊपर से सीधा. नहीं तो उलटा लग जाएगा.” दुपारभर त्यांनी त्याच्याकडून हात-हात लांबीचे तुकडे करून घेतले, वरच्या टोकांना शेण लावलं. पाहुण्यांनी मंडपात गुलमोहराचं रोप लावलं, फोटो झाले. तोवर आप्पांनी घराघरांत एकेक फांदी पोहोचवली होती.

चाळीच्या मागे, नळाशी, शाळेच्या कुंपणाला पांगारे फुटले. गुलमोहर बकरीनं खाल्ला.

माझी फांदी मी तेलाच्या डब्यात लावली आणि पाणी घालायचं विसरलो. आप्पा विचारत, मी सांगे, “पानं येतायत.” पुढे त्यांचा दमा बळावला, लूम सुटली. कायमचं गावी निघाले त्या सकाळी ते माझ्याकडे आले आणि सरळ डब्यापाशीच बसले.

त्यांनी नखानं साल खरवडली. आत सगळं तपकिरी, खडखडीत वाळलेलं. ते मलाही दिसत होतं. आप्पांनी त्या खुणेवर अंगठा ठेवला.

“हिरवी शे,” ते म्हणाले. “पानी घालत ऱ्हाय.”

ते गेल्यावर कितीतरी दिवस मी त्या लाकडाला पाणी घालत होतो.