नर्सबाईंची कंबर

गल्लीत त्यांना सगळे तज्ज्ञ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे, एवढ्यावरून माणूस ओळखावा. पाणीपुरवठ्याच्या कोठारात एकतीस वर्षं त्यांनी नट-बोल्टांच्या पेट्या खिडकीतून बाहेर सरकवल्या. त्यातला एक नट स्वतःच्या हातानं कधी आवळला नाही. पण निवृत्त झाले आणि एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला सगळी यंत्रं कळतात. वरच्या मजल्यावरच्यांचा पंखा त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरतो. जिन्यातला दिवा त्यांनी नीट केला, तेव्हापासून दिवा लावायचा तर तळमजल्यावरच्या दाराची घंटा वाजवावी लागते. तक्रार कुणी केलीच तर ते म्हणत, "वस्तू चांगली आहे हो, वापरणाऱ्याला अक्कल पाहिजे."

हे वाक्य सगळ्यांत जास्त कुणी ऐकलं असेल तर त्यांच्या बायकोनं. ती टेलरबाई. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल आणि मशीनच्या खणात एक लांबट, कडा झिजलेली मापांची वही. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान, वर नाव, खाली छाती, कंबर, बाही, उंची. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्या वहीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. पाहून करणार काय, त्यात यंत्राचं काही नव्हतं. ज्या मशीनवर घर चाललं ते मशीन मात्र त्यांनी दोनदा उघडून बसवलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला ते त्यांच्या नकळत बाहेरून नीट करून आणावं लागलं होतं.

तर या टेलरबाईला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा नोकरी मिळाली. मोठ्या इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत फाटलेल्या चादरी शिवायच्या, ऑपरेशनच्या झग्यांना तुटलेले बंद लावायचे, उशांचे अभ्रे बेतायचे. काम ओळखीचं होतं, पण वेळ सकाळी सहाची, कारण सातच्या आत धुतलेले कपडे वरच्या वॉर्डांत पोचायला हवेत. पहिली बस सुटायची साडेसहाला. म्हणजे नोकरी हवी तर गाडी हवी. ती मुकाट्यानं गाडी चालवायला शिकली आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. तज्ज्ञ तीस वर्षांपूर्वी याच परीक्षेत दोनदा नापास झाले होते. तेव्हापासून ते म्हणत, "गाडी काय, कुणीही हाकतं. डोकं लागतं ते बॉनेटच्या आत."

गाडी मिळाली एका निवृत्त नर्सबाईंची. नऊ वर्षं जुनी, पण आरशासारखी ठेवलेली. बाईंची नजर अधू झाली म्हणून त्या विकत होत्या. बाई चांगल्याच अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत, आणि सांगायचं ते एकदाच सांगणाऱ्या. तज्ज्ञ टायरना लाथा मारत गाडीभोवती फेऱ्या घालत होते तेव्हा बाईंनी आत बसून रेडिओ लावून दाखवला. स्वच्छ वाजत होता.

"एक लक्षात ठेवा साहेब," बाई म्हणाल्या, "बॅटरी काढली की हा रेडिओ कुलूपबंद होतो आणि कोड मागतो. कोड आहे..."

"असू दे, असू दे," तज्ज्ञांनी हात झटकला. "यंत्राचं मला नका सांगू. बघून घेईन मी."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. आयुष्यभर रुग्ण पाहिलेली बाई, तिला रोग लगेच कळला. मग टेलरबाईकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही लिहून घ्या. तीन, चार, दोन, सहा. तीनदा चुकलं तर तासभर थांबायला लावतो. आणि तो तास रेडिओ चालू ठेवूनच काढावा लागतो, बंद करून नाही."

टेलरबाईच्या पिशवीत मापांची वहीच तेवढी होती. तिनं नवं पान उघडलं, वर 'नर्सबाई' लिहिलं आणि हाताच्या सवयीनं खाली लिहून गेली: छाती ३४, कंबर २६. लिहिल्यावर तिचं तिलाच हसू आलं. नर्सबाईंना ज्यानं एकदा लांबून जरी पाहिलं असेल त्याला कळावं की ही कंबर त्यांची असूच शकत नाही.

गाडी दारात आली आणि तासाभरात तज्ज्ञांनी बॉनेट उघडलं. कशासाठी? तर बॅटरीची टोकं घासायला. ती आधीच लखलखत होती. त्यांनी टोकं काढली, पॉलिश पेपरनं घासली, परत लावली आणि किल्ली फिरवली, तर रेडिओच्या काचेवर चार इंग्रजी अक्षरं: कोड.

टेलरबाई फाटकाशी उभी होती. तिनं तोंड उघडलं. "अहो, त्या नर्सबाईंनी..."

"तू मध्ये बोलू नकोस," ते डोकं वर न काढता म्हणाले. "तुला काय कळतं त्यातलं? जा, तू आपली सुई ओव."

आत जाऊन तिनं खरोखरच सुई ओवली, आणि ओवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही. रागाची वर्षं केव्हाच सरली होती. आता नुसतं बघत बसावंसं वाटत होतं, हा माणूस आणखी काय काय करतो ते.

त्यांनी काय केलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. पहिल्यांदा स्वतःचं जन्मसाल घातलं. नर्सबाईंची गाडी, नर्सबाईंचा रेडिओ, आणि हे गृहस्थ त्यात स्वतःचं जन्मसाल घालतात! मग नोकरीला लागल्याचं साल, मग निवृत्तीचं. जगातल्या एकूण एक कुलपांत आपलंच चरित्र कोरलेलं असणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तीनदा चुकल्यावर काचेवर 'थांबा' आलं. ते रेडिओ बंद करून जेवायला आले, परत गेले, तर अजून 'थांबा'च. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुठून तरी त्यांना कळलं की रेडिओ चालू ठेवून बसावं लागतं. झालं, त्यांना उद्योगच मिळाला. रोज संध्याकाळी ते किल्ली फिरवून गाडीत बसू लागले. उकडतं म्हणून पंखा लावत, आकडे दिसावेत म्हणून आतला दिवा लावत, मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. तास भरला की तीनदा कोड घालून बघायचा, की पुन्हा तास. येणारेजाणारे विचारत, "काय तज्ज्ञ, कुठवर आलं?" ते मान न वळवता म्हणत, "शास्त्रशुद्ध चाललंय."

एकदा नर्सबाईंचा फोन नंबर शोधायला म्हणून त्यांनी खणातली वहीसुद्धा काढली. टेलरबाई समोर काज करत होती. तिचा हात थांबला. त्यांनी पानं उलटली, नर्सबाईंचं पान आलं. चौतीस, सव्वीस. त्यांनी ते वाचलं, नंबर नाही म्हणून "हुं" केलं आणि वही मशीनवर टाकली.

"या वहीत कामाचं काही नाही," ते म्हणाले.

इथवर सगळी गंमतच होती. गुरुवारी पहाटे सव्वापाचला टेलरबाईनं किल्ली फिरवली आणि गाडी नुसती खोकलीसुद्धा नाही. चार संध्याकाळी पंखा, दिवा आणि रेडिओ यांनी मिळून बॅटरी चाटूनपुसून रिकामी केली होती. समोरच्या टॅक्सीवाल्याला उठवून, त्याच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू होईपर्यंत सहा वाजून गेले. ती इस्पितळात पोचली तेव्हा धुतलेल्या कपड्यांच्या ढकलगाड्या बंद लावायचे राहिल्यामुळे दारात अडकून पडल्या होत्या, आणि कपड्यांच्या खोलीच्या मुख्य बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"पहिलाच आठवडा आहे तुमचा," मुख्य बाई म्हणाल्या. "काम स्वच्छ आहे, ते मी पाहिलंय. पण वर ऑपरेशनला झगे नाहीत म्हणून डॉक्टर खोळंबले. आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नका. दुसरी बाई तयार आहे."

टेलरबाई दिवसभर खाली मान घालून बंद शिवत राहिली. तिला आता भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा शरम. ही खोली तिला आवडली होती. तिथे तिला कुणीतरी सारखं विचारत असे: हे कापड कसं बेतायचं, ही शिवण कशानं उसवते, तुम्हाला काय वाटतं. 'तुम्हाला काय वाटतं' हे शब्द तिनं आयुष्यात इतक्या वेळा ऐकलेच नव्हते. आणि ते सगळं आपण नवऱ्याची गंमत बघण्यापायी पणाला लावलं होतं. चार आकडे पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडावर फेकले असते तर बॅटरी वाचली असती. ते अडाणी खरे, पण ही तरी कोणती शहाणी ठरली होती?

संध्याकाळी घरी आली तेव्हा तज्ज्ञ फाटकातच हात पुढे करून उभे. "किल्ली आण. मला नवीन पद्धत सुचली आहे."

"बॅटरी संपली होती आज," ती म्हणाली. "मला उशीर झाला. पुन्हा झाला तर नोकरी जाईल."

"बॅटरी आधीच बाद होती. त्या नर्सनं गळ्यात मारली तुझ्या. मी असतो ना विकत घेताना..."

"तुम्ही होता."

त्यांनी हात आणखी पुढे केला. "किल्ली दे."

टेलरबाईनं ठरवलं की आता संपवायचं. गंमत पुरे. ती म्हणाली, "अहो, कोडाचं मला विचारा ना."

"काय?"

"मला विचारा एकदा. कोड काय आहे म्हणून."

तज्ज्ञ हसायला लागले. खोटं नव्हे, अगदी मनापासून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि फाटकावरून टॅक्सीवाल्याला हाक मारली, "ऐकलंत का? हिला विचारायचं म्हणे! रेडिओचं, हिला!"

टॅक्सीवाला हसला नाही. टेलरबाईनं किल्ली पिशवीत टाकली, पिशवीची चेन ओढली आणि घरात गेली. ते मागून ओरडत आले. तिनं मशीनवर कापड घातलं आणि पायडल दाबलं. मशीनच्या आवाजात त्यांचं बोलणं अर्धं बुडालं. त्या संध्याकाळी किल्ली मिळाली नाही, दुसऱ्या संध्याकाळीही नाही, आणि मग कधीच नाही.

शुक्रवारी ती वीस मिनिटं आधी पोचली. जाताना तिनं रेडिओ लावूनच ठेवला; त्यावर 'थांबा' होतं, कारण तज्ज्ञांची शिक्षा अजून फिटली नव्हती. जाताना पस्तीस मिनिटं, येताना पंचवीस, असा तास भरला. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी 'थांबा' जाऊन 'कोड' आलं. तिनं गाडी कडेला घेतली. पहिलं बटण तीनदा, दुसरं चारदा, तिसरं दोनदा, चौथं सहादा. गाडीत एकदम माणसाचा आवाज भरला. कुठल्याशा पुलावर वाहनांची गर्दी आहे, दुसरा रस्ता घ्या, असं कुणीतरी शांतपणे सांगत होतं. तिला त्या पुलावर जायचं नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

आणि घराच्या अलीकडच्या वळणावर तिनं पुन्हा गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं एक टोक सैल केलं, उचललं, परत बसवलं. रेडिओनं इमानेइतबारे 'कोड' लिहिलं. तसं ते लिहिलेलं घेऊन ती दारात आली.

याला आता अकरा महिने झाले. नोकरी कायम झाली. पान्याचं काम रोज दोन मिनिटांत होतं. रविवारी ती त्यांना गाडीतून त्यांच्या बहिणीकडे नेते. ते शेजारी बसून वाटेत तीनदा कोड घालून बघतात, 'थांबा' आलं की तोंड फिरवतात आणि बहिणीकडे पोचल्यावर सांगतात की रेडिओ आतून जळलेला आहे. मग सोमवारी टेलरबाईला त्यांच्यापायी पुन्हा तासाची शिक्षा भोगावी लागते. तेवढी ती भोगते.

गेल्या महिन्यात नर्सबाई कोट शिवायला आल्या. तज्ज्ञ खुर्चीत पेपर वाचत होते. "काय, रेडिओ वाजतो ना माझा?" बाईंनी विचारलं, तर तज्ज्ञांनी पेपर खाली ठेवून, ज्या बाईंनी तो नऊ वर्षं ऐकला त्यांनाच, तो मुळात कधी चालू नव्हताच हे पाच मिनिटं समजावून सांगितलं. बाईंनी टेलरबाईकडे पाहिलं. टेलरबाईनं बाईंच्या कमरेभोवती टेप लावला आणि आकडा मोठ्यानं म्हटला, "बेचाळीस." मग वही उघडून नर्सबाईंच्या पानावर नवऱ्याच्या डोळ्यांदेखत सव्वीसवर काट मारली आणि शेजारी बेचाळीस लिहिलं. नर्सबाईंनी वाकून, डोळे बारीक करून पान पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की पिना सांडल्या.

"काय झालं?" तज्ज्ञांनी विचारलं. विचारलं ते नर्सबाईंना.

टेलरबाई पिना वेचत होती. तिनं वर पाहिलं. त्यांनी मान जरा जरी इकडे वळवली असती तरी तिनं त्याच क्षणी सांगून टाकलं असतं, वही हातात दिली असती, किल्लीसुद्धा दिली असती. पण त्यांनी पेपर पुन्हा वर केला.